कुणी विचारलंच नव्हतं

आपल्या मराठीत एक मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे, 'अंगावरून जाणं'. 'अंगावरून पांढरं जातंय' असं म्हणायचं आणि तिथेच थांबायचं. किती जातं, रंग कसा, वास येतो का, हे सांगणारी सांगत नाही आणि ऐकणारी विचारत नाही. काही घरांत त्याला धुपणी म्हणतात, वैद्य श्वेतप्रदर म्हणतात. माझ्या माहेरी, सांगलीला, आजीचा उपाय ठरलेला होता. तांदळाच्या धुवणात जिऱ्याची पूड घालून सकाळी प्यायची आणि वर ऐकून घ्यायचं, "बाईच्या जातीला हे असायचंच गं, त्याचं काय एवढं!"

मैत्रिणींनो, या 'असायचंच' म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीचा पोटातल्या बाळाच्या जिवाशी संबंध असू शकतो, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. तेही सांगलीत किंवा पुण्यात नव्हे, तर पार चंदीगडला, एका सरदारीण डॉक्टरांच्या तोंडून.

सेक्टर अडतीसमधलं घर

जून १९९५ मध्ये ह्यांची बँकेतून चंदीगडला बदली झाली. सरळ रेषेतले रस्ते, दुतर्फा झाडं, पत्त्यात गल्लीबोळाऐवजी नुसते सेक्टरचे आकडे. आम्हाला सेक्टर ३८ मध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकीण राहायच्या. साठीच्या होत्या, सगळे त्यांना बीजी म्हणायचे, म्हणून आम्हीही बीजीच म्हणू लागलो. भाषा समजायच्या आधी त्यांचं प्रेम समजलं. सकाळी त्यांच्याकडून लोण्याचा गोळा यायचा, माझ्याकडून थालीपीठ जायचं.

त्याआधी दोन वर्षांपूर्वी, सांगलीला असताना, माझं पहिलं पोट अडीच महिन्यांतच पडलं होतं. 'पहिलटकरणीचं होतं असं कधीकधी,' म्हणून सगळ्यांनी समजूत काढली होती. त्यामुळे चंदीगडला पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी फुलासारखी जपून वागत होते. सेक्टरातल्याच एका खासगी दवाखान्यात नाव घातलं. दर महिन्याला वजन, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या. सोनोग्राफीत सगळं ठीक होतं. चौथा महिना सरला तसं बाळ हलल्याचंही जाणवू लागलं. आतून कुणीतरी हळूच टिचकी मारावी तसं.

जानेवारी १९९६. लोहरीची शेकोटी दोन दिवसांपूर्वीच झाली होती. धुकं इतकं दाट की समोरचं फाटक दिसत नव्हतं. रात्री झोपेत अंगाखालचं अंथरूण ओलं लागलं म्हणून जाग आली. दुखत काहीच नव्हतं. ह्यांनी शेजारच्यांची मोटार काढायला लावली. सकाळी नऊच्या आत सगळं संपलं होतं. एकोणीस आठवड्यांचा मुलगा होता.

अशा बाळाला नाव नसतं, बारसं नसतं, आणि दुःखाचे दिवसही कुणी मोजत नाही. मी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आले, तेव्हा बीजींनी बाळंतिणीला देतात तशी पंजिरी करून ठेवली होती. "मां तां तूं हैं ही पुत्तर," एवढंच म्हणाल्या. आई तर तू आहेसच. त्या एका वाक्याला धरून मी पुढचे काही आठवडे काढले.

ज्याचं त्याचं कारण

तेव्हा घरात फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर रात्री उशिरा दर कमी होत, तेव्हा आम्ही जाऊन सांगलीला आणि साताऱ्याला बोलत असू. प्रत्येक फोनमधून एक नवं कारण हाती यायचं. सासूबाई म्हणाल्या, वरच्या मजल्याचे जिने बाधले. आत्याबाईंनी पपईची चौकशी केली. मोठ्या जाऊबाईंना तर तारीखच सापडली. २४ ऑक्टोबर १९९५ चं ते सूर्यग्रहण! ऐन दिवाळीत आलेलं, सगळ्या देशाने टीव्हीसमोर बसून पाहिलेलं. "तू त्या वेळी भाजी चिरली असशील," त्या म्हणाल्या. बीजींच्या बहिणीने नजर लागल्याचं निदान केलं.

ही सगळी माणसं माझ्यावर माया करणारीच होती. पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत गेली. प्रत्येक कारणाच्या शेवटी मीच उभी होते. मी चढले, मी खाल्लं, मी चिरलं. बाळ गेलं ते माझ्या काहीतरी करण्याने गेलं, हे जणू आधीच ठरलेलं होतं. फक्त काय केलं एवढंच शोधायचं बाकी होतं. आपल्या भाषेतही पाहा, आपोआप झालेल्याला आणि मुद्दाम केलेल्याला गर्भपात हा एकच शब्द आहे.

एक साधा प्रश्न

दीड महिन्याने ह्यांच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या पत्नीने मला एका सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पन्नाशीच्या, पांढरा कोट, पायात कॅनव्हासचे बूट. बाहेर बाकावर पंजाब, हरियाणा, हिमाचल, कुठून कुठून आलेल्या बायकांची रांग. चंदीगडला ही गोष्ट नेहमीचीच. १९६२ साली तिथे पीजीआय ही मोठी संस्था सुरू झाल्यापासून आजूबाजूच्या राज्यांतल्या अवघड दुखण्यांची वाट या शहराकडेच वळलेली आहे.

त्यांनी आधीचे कागद वाचले आणि विचारलं, "सफेद पानी जाता है?"

मी गप्प. त्यांनी पुढे विचारलं, कधीपासून? रंग कसा? खाज येते? नवऱ्याजवळ गेल्यावर वास जास्त येतो? लघवीला जळजळ? ताप येऊन गेला होता? अगदी 'जेवण जातं का' विचारावं तशा सहज स्वरात. दोन वेळा पोट पडलं, सहा-सात डॉक्टरांनी तपासलं, पण हे कुणी विचारलंच नव्हतं. मला उत्तर येत होतं, पण शब्द येत नव्हते. हिंदीतले नव्हतेच, आणि खरं सांगायचं तर मराठीतलेही नव्हते. शेवटी मोडकंतोडकं सांगितलं. लग्नाच्या आधीपासून अधूनमधून जातं. पातळ, राखाडीसर. खाज नाही, पण मासळीसारखा वास येतो, पाळीनंतर जास्त. गरोदरपणातही होतं.

त्यांनी तपासलं. स्राव एका कागदाच्या पट्टीला लावला. पट्टीचा रंग बदलला. काचपट्टीवर थोडा स्राव घेऊन त्यावर एका क्षाराच्या द्रावणाचा थेंब टाकला, आणि तोच वास खोलीत पसरला. दुसरी काचपट्टी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मला म्हणाल्या, "या, तुम्हीच बघा." पेशींच्या कडा धूसर दिसत होत्या. जणू कुणी त्यांच्यावर भरड पीठ भुरभुरलं होतं. ते पीठ म्हणजे जंतू.

या दुखण्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. पंधरा मिनिटांत निदान झालं. पट्टी, थेंब आणि सूक्ष्मदर्शक, याहून मोठी सामग्री त्याला लागली नाही.

विरजण बिघडतं तेव्हा

चंदीगडमधली दहा-बारा मराठी घरं गणपतीला एकत्र जमत. तिथे एक तरुण मुलगी यायची. सेक्टर ३९ मध्ये १९८४ साली स्थापन झालेली 'इमटेक' म्हणून सूक्ष्मजीवांवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथे ती शिकत होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिने मला स्वयंपाकघरातल्या भाषेत समजावलं.

स्त्रीच्या योनिमार्गात जंतू असतातच, आणि ते असायलाच हवेत. निरोगी अवस्थेत तिथे लॅक्टोबॅसिलस नावाच्या जंतूंचं राज्य असतं. दह्यातल्या जंतूंच्याच गोतावळ्यातले हे. आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. हे जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात उपद्रवी जंतू वाढू शकत नाहीत. काही कारणाने हे राखणदार कमी झाले, की आंबटपणा उतरतो आणि एरवी कोपऱ्यात पडून असलेले दुसरे जंतू हजारपटीने माजतात. विरजण बिघडून दुधाला वास यावा, तसंच हे. आतून साबणाने, तुरटीच्या पाण्याने किंवा जंतुनाशकाने धुण्याची सवय असेल तर राखणदार आणखी मारले जातात. अति स्वच्छतेने हे दुखणं कमी होत नाही, उलट वाढतं. (दह्याचे जंतू चांगले, म्हणून दही आत लावण्याचा प्रयोग मात्र कुणी करू नये!)

आता याचा बाळाशी संबंध काय? गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट स्रावाचं बूच असतं. तेच बाळाचं दार. खालचे जंतू माजले की त्यांतले काही हे दार ओलांडून वर चढतात आणि बाळाभोवतीच्या पिशवीपर्यंत पोचतात. शरीर त्यांच्याशी लढू लागतं, तिथे दाह होतो. त्या दाहातून जी द्रव्यं तयार होतात, तीच गर्भाशयाचं तोंड मऊ करतात, कळा सुरू करतात आणि पिशवी कमकुवत करतात. नवव्या महिन्यात व्हायची गोष्ट पाचव्यात होते. बाळात काही दोष नसतो. घरच खचतं.

१९९४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्यात हा बिघाड सापडला, त्यांच्यात उशिरा होणारे गर्भपात आणि अकाली बाळंतपणं जास्त होती. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्याची झेरॉक्स होती.

गडचिरोलीचं नाव

त्याच टेबलाशी मला आणखी एक आश्चर्य भेटलं. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला गडचिरोली ठाऊक असेल." नकाशावरचं नाव म्हणून ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या साडेसहाशे स्त्रियांची तपासणी केली होती, आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात ती छापून आली होती. १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्यात जवळपास निम्मा भाग जंतुसंसर्गाचा होता. आणि त्याआधी कधी कुणी त्यांची अशी तपासणी केली होती का? १०० पैकी फक्त ८ जणींची!

तोपर्यंत जगभर असं मानलं जायचं, की खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. त्यापलीकडे तिला काही दुखतं, हे या अभ्यासाने जगाला सांगितलं. पंजाबातल्या डॉक्टरीणबाई त्यातूनच विचारायला शिकल्या होत्या. "ती बाई आपणहून सांगणार नाही. विचारणं हे माझं काम आहे," असं त्या म्हणाल्या. माझ्या महाराष्ट्रातली गोष्ट मला चंदीगडला समजली, याचा मला अभिमानही वाटला आणि थोडं वाईटही.

सगळे जंतू सारखे नसतात

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत आले. त्यातलं आपल्याला उपयोगी पडेल ते सांगते.

पहिला शत्रू उपदंश, म्हणजे सिफिलिस. हा जंतू खालून वर चढत नाही. तो आईच्या रक्तातून वारेमधून थेट बाळापर्यंत जातो. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतरचा गर्भपात, पोटातच बाळ दगावणं, जन्मतः आजारी बाळ, हे सगळं त्याने होतं. आईला मात्र कधीकधी काहीच त्रास नसतो. गरोदरपणात व्हीडीआरएल नावाची रक्ततपासणी करतात ती यासाठीच. वेळेवर सापडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने आई आणि बाळ दोघंही वाचतात. ही तपासणी सांगितली म्हणून रागावू नका. ती चारित्र्याची परीक्षा नव्हे, ती सगळ्यांचीच करायची असते.

दुसरा क्लॅमिडिया. हा बहुतेक वेळा मुकाट असतो. गर्भनलिकांना आतून व्रण पाडतो. त्यामुळे मूल न होणं किंवा नळीतच गर्भ राहणं हे धोके वाढतात. परमाही याच जातीचा.

तिसरा आपल्या देशात विसरून चालणार नाही असा, क्षयाचा जंतू. क्षय म्हणजे खोकला एवढंच आपण जाणतो. पण तो गर्भाशयाच्या अस्तरात आणि नळ्यांतही बसतो. पाळी कमी होणं, दिवस न राहणं, राहिले तर न टिकणं, यामागे तो असू शकतो. त्याची तपासणीही होते आणि औषधंही आहेत.

चौथा लघवीचा संसर्ग. कधी जळजळही होत नाही आणि जंतू मात्र असतात. म्हणून गरोदरपणात लघवीची तपासणी टाळू नये.

आणि एक दिलासा. पाळीच्या मध्यावर, गरोदरपणात, थोडा पांढरट, बिनवासाचा स्राव जाणं अगदी नैसर्गिक आहे. त्याला घाबरून औषधं घ्यायची नाहीत. दह्याच्या कवड्यांसारखा स्राव आणि खूप खाज असेल तर बहुधा ती बुरशी असते, त्याचं औषध वेगळं. म्हणूनच मैत्रिणीला लागू पडलेली गोळी दुकानातून आणून घेणं धोक्याचं, दिवस असताना तर अधिकच.

सगळं खापर जंतूंवरही नको

ग्रहणाच्या जागी आता जंतूंना बसवायचं, असं मात्र होऊ नये. सुरुवातीच्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यांतल्या जवळपास निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो. तिथे आईने काही केलेलं नसतं आणि काही करता येण्यासारखंही नसतं. एडिनबरोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये केलेल्या एका आढाव्यानुसार सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे १५ टक्के संसर्गाशी जोडले जातात. उशिराच्या गर्भपातांत मात्र हे प्रमाण ६६ टक्क्यांपर्यंत गेलेलं आढळतं. माझं पहिलं पोट कशाने पडलं ते सांगता येणार नाही. दुसऱ्याच्या बाबतीत संशय दाट होता, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खात्री त्यांनी कधीच दिली नाही, आणि त्यांच्यावरचा माझा विश्वास त्यामुळेच वाढला.

औषध म्हणजे जादू नव्हे, हेही पुढे सिद्ध झालं. फ्रान्समध्ये ८४ हजारांहून अधिक गर्भवतींची तपासणी करून, एरवी धोका नसलेल्या पण हा बिघाड असलेल्या स्त्रियांना औषध देऊन पाहिलं. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उशिराचे गर्भपात आणि फार अकाली बाळंतपणं त्याने कमी झाली नाहीत. म्हणजे त्रास असेल तर उपचार करायचाच, पण एका गोळीने पुढचं सगळं सुरक्षित झालं असं समजायचं नाही. पोट राहिल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच, दोघं मिळून, शांतपणे तपासून घेणं शहाणपणाचं.

दोघं मिळून, हे मुद्दाम लिहिते आहे. उपदंश, परमा, क्लॅमिडिया यांत नवऱ्यालाही औषध लागतंच, नाहीतर बायको बरी होते आणि पुन्हा आजारी पडते. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये मात्र नवऱ्याला औषध नको असंच वर्षानुवर्षं सांगितलं जाई. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने ते बदललं. ज्या जोडप्यांत दोघांनाही औषध दिलं, तिथे तीन महिन्यांत दुखणं उलटण्याचं प्रमाण ३५ टक्के होतं. फक्त बायकोला दिलं तिथे ६३ टक्के. जी गोष्ट आपण 'बाईच्या जातीची' म्हणत आलो, तिच्यात पुरुषाचाही वाटा निघाला तो असा.

आमच्या ह्यांना त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावून खुर्ची दिली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते ऐकत होते. रात्री बूथवर गेल्यावर फोन त्यांनीच हातात घेतला आणि म्हणाले, "आई, जिन्याने काही झालेलं नाही. जंतूंचं दुखणं होतं, आता औषध चालू आहे." एवढंच. पुढे कुणी ग्रहणाचं नाव काढलं नाही.

मला औषध दिलं, पुन्हा तपासलं. व्हीडीआरएल झाली, लघवीची तपासणी झाली, आणि काही महिने थांबायला सांगितलं. पुढच्या वेळी दिवस राहिल्यापासून त्यांनीच पाहिलं. गर्भाशयाच्या तोंडाची लांबी सोनोग्राफीवर मोजत राहिल्या. सप्टेंबर १९९७ मध्ये मुलगा झाला, दिवस भरून. तो त्या औषधामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, कारण त्यांनीही तसं म्हटलं नव्हतं. पण ते नऊ महिने मी अपराध्यासारखे काढले नाहीत, हे मात्र त्यांच्यामुळेच.

आपल्या घरातली गोष्ट

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की गेल्या वर्षी नात्यातल्या एका सुनेचं पाचव्या महिन्यात असंच झालं. शिकलेली मुलगी, नोकरी करणारी, हातात मोबाईल. आणि तरी भेटायला आलेल्या बायकांनी कारणं काढली तीच. स्कूटर चालवली, रात्री जागली, ऑफिसचा ताण घेतला. जिन्याच्या जागी स्कूटर आली, एवढाच काय तो फरक! मी तिला एकटीला गाठलं आणि चंदीगडच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारले होते तेच प्रश्न विचारले. ती आधी चपापली आणि मग रडायलाच लागली. तिचंही कॉलेजपासूनचं होतं. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात ती तपासणीला गेली. संसर्ग निघेल की न निघेल, पण आता ती 'मी काय केलं' हे शोधत बसलेली नाही.

आता सोयी पुष्कळ आहेत. सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने जननमार्गाच्या संसर्गावर मोफत उपचार मिळतात. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, त्यात उपदंशाचीही असते. सोयी आहेत, पण तिथपर्यंत जायला आधी तोंडातून शब्द निघावा लागतो.

म्हणून मैत्रिणींनो, वासाचा, राखाडी, पिवळट किंवा हिरवट स्राव, ओटीपोटात दुखणं, संबंधांनंतर रक्त दिसणं, लघवीला जळजळ, यांपैकी काही असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात पाणी गेल्यासारखं वाटलं, ताप आला किंवा पोट दगडासारखं आवळू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. पोट पडलं असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, 'माझ्या संसर्गाच्या तपासण्या झाल्या का?' आणि कुणी विचारलं नाही तर आपण सांगायचं. लाजेने जीभ अडखळली तर एका कागदावर लिहून न्या.

आणि घरात कुणाचं असं झालं, तर तिने काय खाल्लं आणि कुठला जिना चढली, हे विचारू नका. तिच्यापुढे गरम खाण्याची वाटी ठेवा, जवळ बसा. 'बाईच्या जातीला असायचंच' हे वाक्य आपल्या आज्यांबरोबर गेलं तर बरं. आपल्या मुलींना आपण दुसरं वाक्य देऊ या, "त्रास होतोय ना? चल, मी येते बरोबर."